अदृश्य प्रकाश आणि पिण्याचे पाणी

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून निघून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा जो प्रशस्त मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे आणि आज कस्तुरबा गांधींचे नाव धारण करतो, त्याच्याशी मराठी माणसाचा संबंध दुहेरी आहे. पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता २२ फेब्रुवारी १९४४ रोजी ज्यांनी देह ठेवला, त्या कस्तुरबांचे स्मरण हा मार्ग वागवितो; आणि याच मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन खुले झाल्यापासून, शासकीय कामासाठी येणाऱ्या मंत्र्यांपासून ते स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीसाठी पहिल्यांदाच राजधानी पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत नाना थरांतील मराठी मंडळींचे पाय या रस्त्याला लागू लागले आहेत. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरियांनी योजिलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत, वृत्तपत्राची कचेरी, बँका आणि व्यापारी मनोरे यांनी गजबजलेल्या या भागात पिण्याच्या पाण्याविषयी कोणी शंका बाळगीत असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तरीही येथील कार्यालयांच्या चहाच्या खोलीत किंवा घरांच्या स्वयंपाकघरात डोकावले, तर नळाच्या शेजारी भिंतीला टांगलेले, एक लहानसा दिवा तेवत ठेवणारे चौकोनी यंत्र सहसा दृष्टीस पडतेच. नगरपालिकेने शुद्ध करून पाठविलेले पाणी नागरिक आपल्या घरी पुन्हा एकदा शुद्ध का करून घेतो, त्या यंत्राच्या पोटात नेमके काय घडते, आणि कोणत्या पाण्यावर त्याची मात्रा चालत नाही, हे समजून घेणे प्रत्येक गृहस्थाच्या हिताचे आहे.

या भागाला पाणी पुरविण्याची जबाबदारी नवी दिल्ली नगरपालिका परिषदेची. ही परिषद दिल्ली जल बोर्डाकडून पाणी घाऊक घेते, आणि जल बोर्ड ते यमुना, गंगेचा वरचा कालवा व भाक्रा धरण अशा दूरदूरच्या उगमांतून मिळवून वझिराबाद, चंद्रावल, हैदरपूर, सोनिया विहार इत्यादी केंद्रांत शुद्ध करते. तेथे तुरटीने गाळ खाली बसविला जातो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळला जातो. भारतीय मानक १०५०० अन्वये पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा मलजन्य जंतू एकही आढळता कामा नये. आणि केंद्राच्या दारातून बाहेर पडणारे पाणी या कसोटीला उतरावे, असा सारा बंदोबस्त असतो. परंतु केंद्राचे दार आणि घराची तोटी यांच्यामध्ये कित्येक मैलांचे जमिनीखालचे नळ, त्यांचे जुने सांधे, इमारतीच्या तळाशी असलेली टाकी आणि गच्चीवरची टाकी एवढा लांबचा प्रवास असतो. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. ते बंद झाले की नळातील दाब नाहीसा होतो, आणि मग शेजारून जाणाऱ्या सांडपाण्याच्या गटारातून पाझरणारी घाण फटीफटींतून आत ओढली जाते. ज्या गल्लीत लोक नळालाच विजेचा पंप लावून पाणी खेचतात, तेथे हे शोषण अधिकच तीव्र होते. केंद्रातून शुद्धतेचा दाखला घेऊन निघालेले पाणी वाटेतच तो दाखला गमावून बसते, ते असे.

आणि पाणी केंद्रात शिरण्यापूर्वीच दूषित झाले तर काय होते, याचा जो अनुभव दिल्लीकरांनी १९५५ साली घेतला, तो जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदला गेला आहे. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीने आपले पात्र पूर्वेकडे सरकविले, आणि वझिराबादला जेथून शहराचे पाणी उचलले जाई तेथे नदीचा ओघ क्षीण झाला. या जागेच्या किंचित खालच्या अंगाला नजफगड नाला नदीला मिळतो. एरवी त्याचे सांडपाणी प्रवाहाबरोबर पुढे निघून जाई. पण नोव्हेंबरात नदीचा रेटाच उरला नाही, तेव्हा नाल्याचे पाणी उलट्या दिशेने चढून पंपांच्या तोंडाशी येऊन ठेपले. केंद्रावरील अभियंत्यांच्या लक्षात ही आपत्ती आली, आणि त्यांनी तुरटीची व क्लोरीनची मात्रा वाढवून आपले कर्तव्य शक्य तितके बजावले. त्याचा गुण एका बाबतीत आलाही. एवढे मैलापाणी मिसळूनही शहरात विषमज्वराची वा अतिसाराची साथ उसळली नाही. परंतु काही आठवड्यांनी, डिसेंबरात, घरोघर लोकांचे डोळे पिवळे होऊ लागले. जानेवारी १९५६ पर्यंत काविळीचे २९ हजारांहून अधिक रुग्ण मोजले गेले, आणि ज्यांना वरकरणी कावीळ न दिसता संसर्ग झाला त्यांची संख्या याच्या दुपटीहून जास्त असावी, असा अंदाज तपासकांनी बांधला. गरोदर स्त्रियांवर या रोगाचा घाला विशेष क्रूर होता, हेही त्याच वेळी वैद्यांच्या ध्यानात आले.

या साथीत ज्यांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले, त्यांतील काही पुढे पंचवीस वर्षे जपून ठेवलेले होते. १९८० साली अमेरिकन संशोधक आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून ते तपासले, तेव्हा असे आढळले की तोवर माहीत असलेल्या दोन्ही प्रकारच्या काविळींपैकी ही एकही नव्हती. पाण्यावाटे पसरणारा एक निराळाच विषाणू येथे कारण झाला होता. त्यालाच आज हेपॅटायटिस ई म्हणतात. महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, तीही दूषित पाण्यातूनच पसरली होती. आणि २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे दोनशेच्या आसपास रुग्ण निघाले, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडे आणि त्यातून पोटात जाणाऱ्या कँपिलोबॅक्टर या जंतूकडे वळली. पाणीपुरवठ्याचे जाळे कितीही विस्तृत असले, तरी त्याच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे सांगण्यासाठी याहून अधिक उदाहरणांची गरज नसावी.

दिल्लीच्या साथीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. क्लोरीन हा विसाव्या शतकातील मानवजातीचा थोर उपकारकर्ता आहे, यात वाद नाही. पण त्याच्याही अंमलाला हद्द आहे. पाण्यात सेंद्रिय घाण आणि अमोनिया फार असला की क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावण्यातच खर्ची पडतो, आणि काही विषाणू व परजीवी त्याला दाद देत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी क्लोरीनयुक्त पाण्यातून सुखरूप पार झाला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. याच परजीवीला अतिनील किरणांची, म्हणजे आपल्या घरगुती यंत्रातील दिवा सोडतो त्या अदृश्य प्रकाशाची, अगदी अल्प मात्रा निकामी करते, असे त्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले, आणि पाश्चात्त्य देशांतील मोठमोठ्या पाणीपुरवठा केंद्रांनी या प्रकाशाकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली.

प्रकाश मात्र नवा नव्हता. १८०१ साली योहान रिटर या जर्मन संशोधकाने वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, चांदीचा क्षार सर्वांत लवकर काळा पडतो, हे पाहिले आणि अदृश्य किरणांचे अस्तित्व ओळखले. १८७७ साली डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी पोषक द्रवाने भरलेल्या नळ्या उन्हात ठेवल्या, तेव्हा सावलीतील नळ्या जंतूंच्या वाढीने गढूळ झाल्या आणि उन्हातील नितळ राहिल्या. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांनी शहराचे पाणी निर्जंतुक करण्याचा प्रयोगही झाला. पण ते दिवे नाजूक आणि खर्चिक होते, क्लोरीन स्वस्त आणि सोपा होता, आणि म्हणून हा मार्ग जवळजवळ अर्धे शतक ओस पडला. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या देशांत तो भरवशाच्या स्वरूपात पुन्हा सुरू झाला १९५५ साली, म्हणजे यमुनेच्या काठी कावीळ पसरत होती त्याच वर्षी.

या दिव्याचे स्वरूप आपल्या ओळखीचेच आहे. घरातील जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटच्या नळीत पाऱ्याची विरळ वाफ असते. तिच्यातून वीज गेली की ती वाफ प्रामुख्याने २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडते, आणि नळीच्या आतल्या बाजूला दिलेला पांढरा लेप ते किरण शोषून त्यांचा दृश्य प्रकाश करतो. हा लेप काढून टाकला आणि साध्या काचेऐवजी हे किरण आरपार जाऊ देणारी क्वार्ट्झची नळी घेतली, की जंतुनाशक दिवा तयार झाला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले, तर त्यांतल्या २५४ भागांएवढी ही तरंगलांबी. आणि सृष्टीचा योगायोग असा की, सजीवांच्या पेशीत आनुवंशिक वृत्तांत वागविणारे डीएनए हे द्रव्य नेमक्या याच्या आसपासच्या किरणांना सर्वांत अधिक शोषून घेते. किरण शोषला गेला की त्या द्रव्याच्या साखळीत शेजारी शेजारी असलेले थायमीन नावाचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. एखाद्या जुन्या दप्तराच्या चोपडीची पाने ओलाव्याने एकमेकांस चिकटली म्हणजे कारकुनाला तिची नक्कल करता येत नाही, तशीच या जंतूची गत होते: त्याला आपल्या आनुवंशिक मजकुराची प्रत काढता येत नाही आणि म्हणून आपली संतती वाढविता येत नाही. तो क्षणात मरून पडतो असे नव्हे. परंतु ज्या जंतूची संख्या वाढत नाही, तो पोटात जाऊनही रोग उत्पन्न करू शकत नाही. पाण्यात यासाठी कोणतेही रसायन मिसळावे लागत नाही, चव बदलत नाही, वास येत नाही, आणि हे सारे काही सेकंदांत आटोपते.

त्या सेकंदांत जंतूला किती किरण मिळाले, यावर सर्व अवलंबून आहे. किरणांची तीव्रता आणि ते लाभण्याचा काळ यांच्या गुणाकाराला मात्रा म्हणतात. दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल ही मात्रा सुरक्षिततेची खूण म्हणून अनेक देशांत मानली जाते. पटकीचे, विषमज्वराचे, अतिसाराचे जंतू याच्या बऱ्याच अलीकडे निकामी होतात. बहुतेक विषाणूही या मात्रेत आवरतात. ॲडिनोव्हायरससारखा एखादा मात्र चिवट असतो आणि त्याला याच्या कित्येक पट मात्रा लागते. पाणी गढूळ असेल तर हिशेब बिघडतो. मातीच्या कणाच्या आडोशाला बसलेल्या जंतूपर्यंत किरण पोचतच नाही, आणि पाण्यात विरघळलेले लोहदेखील किरण गिळून टाकते. म्हणून गाळणे आधी आणि प्रकाश नंतर, हा क्रम अनुल्लंघनीय आहे. आपल्या आज्या-पणज्या जुन्या लुगड्याच्या घडीतून पाणी गाळून मगच पिंपात भरीत, त्यात केवळ शिवाशिवीचा आचार नव्हता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीचे अनेक पदर करून त्यातून पाणी गाळविले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, कारण हे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते जलचरच त्या कापडात अडकत होते. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांनी तो वाचला त्या प्रत्येकाला आपल्या घरातील एखादी वृद्धा आठवली असेल.

घरगुती यंत्राची रचनाही याच क्रमाने केलेली असते. प्रथम धाग्यांची गाळणी माती अडविते. नंतर कोळशाचा ठोकळा क्लोरीनचा वास आणि काही सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. आणि शेवटी पोलादाच्या नळकांड्यात, क्वार्ट्झच्या आवरणात ठेवलेल्या दिव्याभोवतून पाणी फिरते. वीज गेली किंवा दिवा बंद पडला तर पाण्याची वाट आपोआप बंद व्हावी, अशी झडप चांगल्या यंत्रात असते, आणि ती नसलेले यंत्र घेऊ नये हे येथेच निक्षून सांगतो. भारतात असली यंत्रे मध्यमवर्गाच्या घरात शिरली ती ऐंशीच्या दशकात, जेव्हा युरेका फोर्ब्स कंपनीच्या ॲक्वागार्डचे विक्रेते मुंबई-पुण्याच्या इमारतींतून दारोदार फिरून प्रात्यक्षिके दाखवू लागले. पाणी उकळून पिण्याचा जो नेम तोवर केवळ आजारपणात किंवा डॉक्टरांच्या घरी पाळला जाई, त्याला यामुळे एक सोयीचा पर्याय मिळाला.

आता मर्यादेचा विचार करू. हा प्रकाश जंतूंचा काळ आहे. जड पदार्थांना तो स्पर्शही करीत नाही. पाण्यातील मीठ, फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट, शिसे, कीटकनाशके ही त्यातून जशीच्या तशी बाहेर पडतात. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरीच्या खारट पाण्यावर अतिनील दिवा कितीही प्रखर लावला तरी व्यर्थ. चंद्रपूर-यवतमाळकडील ज्या गावांत बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात, तेथेही तो निरुपयोगी. अशा ठिकाणी एकतर निराळा उगम शोधावा लागतो, किंवा पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबाने पलीकडे नेणारी, आरओ या आद्याक्षरांनी सर्वश्रुत झालेली पद्धत योजावी लागते. तिची योग्यता त्या त्या स्थळी निर्विवाद आहे.

पण दिल्लीच्या मध्यभागातील नदीच्या पाण्यावर सरसकट हीच पद्धत लादण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला अत्यंत अनुचित वाटतो. घरगुती आरओ यंत्र एक पेला पाणी गाळून देताना दोन-तीन पेले पाणी मोरीत सोडून देते, आणि हे ज्या शहरात उन्हाळा आला की टँकरभोवती बादल्यांच्या रांगा लागतात त्या शहरात चालते. जे क्षार शरीराला उपयुक्त आणि पाण्याला चव देणारे, तेही त्यात निघून जातात. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तेथे या यंत्राचा वापर बंद करावा, अशा आशयाचा हुकूम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये दिला होता. नंतर हा मामला शासकीय नियम आणि न्यायालये यांच्या फेऱ्यांत गेला. कायद्याचा निकाल काहीही लागो, गृहस्थाने आपल्यापुरता निर्णय घेण्यास काही हरकत नाही. नळाला नदीचे पालिकेचे पाणी येते की बोअरचे, त्यात क्षार किती, याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पाणी पालिकेचे, गोडे आणि नितळ असेल, आणि तपासणीत क्षारांविषयी वा अन्य विषारी द्रव्यांविषयी तक्रार नसेल, तर त्याला भय आहे ते वाटेत शिरणाऱ्या जंतूंचे. आणि त्या भयावर गाळणी व अतिनील दिवा हा पुरेसा, स्वस्त व पाण्याचा थेंबही वाया न घालविणारा उपाय आहे.

मात्र तो जागरूकपणे वापरावा लागतो. दिव्याचा निळसर उजेड दिसतो म्हणजे यंत्र ठीक चालले आहे, ही समजूत घातक आहे, कारण जंतूंना निकामी करणारे किरण डोळ्याला दिसतच नाहीत, आणि निळा उजेड तसाच राहूनही ते किरण हळूहळू क्षीण होत जातात. असल्या दिव्याची मुदत साधारणतः आठ-नऊ हजार तासांची धरतात. ती संपली की जळत असलेला दिवासुद्धा बदलावा लागतो. पाणी जड असेल तर क्वार्ट्झच्या आवरणावर क्षारांचे पुट चढते आणि किरणांची वाट अडविते, म्हणून ते वेळोवेळी स्वच्छ करावे लागते. दुसरी गोष्ट साठवणीची. क्लोरीन पाण्यात मागे राहून पुढेही पहारा देतो. प्रकाश असे काही मागे ठेवीत नाही, आणि कोळशाच्या ठोकळ्याने तर असलेला क्लोरीनही काढून घेतलेला असतो. तेव्हा यंत्रातून निघालेले पाणी ज्या भांड्यात पडते, ते मळकट असले किंवा त्यात कोणी हाताचा पेला बुडविला, तर सारे श्रम फुकट जातात. मात्रा अपुरी पडली असेल, तर काही जंतू दिवसाच्या उजेडात आपली जखम दुरुस्तही करू शकतात. झाकणाचे, तोटी असलेले भांडे किंवा निदान ओगराळ्याने काढण्याची शिस्त, आणि शक्यतो त्याच दिवशी पाणी संपविण्याची सवय, यांना यंत्राइतकेच महत्त्व आहे. दिव्यात पारा असतो, यास्तव निकामी झालेला दिवा घरच्या कचऱ्यात फोडून टाकू नये. बदलण्यास येणाऱ्या कारागिराच्या हवाली करून तो योग्य ठिकाणी पोचविण्याचे त्याला बजावून सांगावे.

हे सारे झाले ज्याच्या घरी नळ, वीज आणि यंत्र घेण्याची ऐपत आहे त्याच्याविषयी. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी हाच प्रकाश कसा वापरता येईल, या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत वाढलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने दिले, आणि या लेखाचा खरा अभिमानाचा विषय तोच आहे. अशोक गाडगीळ यांचा जन्म १९५० सालचा. मुंबई विद्यापीठ, कानपूरचे आयआयटी आणि कॅलिफोर्नियातील बर्कली असा त्यांचा शिक्षणाचा मार्ग. ऐंशीच्या दशकात काही वर्षे त्यांनी दिल्लीतच टाटा ऊर्जा संशोधन संस्थेत काम केले. विजेची बचत करणारे दिवे हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता, आणि दिव्याच्या नळीशी असलेला हा परिचय त्यांना पुढे फार उपयोगी पडला. आपल्या लहानपणी नात्यातील तान्ही बालके दगावलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्या मृत्यूंमागे दूषित पाणी असते हे मोठेपणी कळल्यावरही ते शल्य गेले नाही, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९९२ च्या अखेरीस मद्रासकडे प्रकट झालेला पटकीच्या जंतूचा एक नवा प्रकार १९९३ मध्ये बंगाल व बांगलादेशात फैलावला आणि हजारो माणसे त्याला बळी पडली, तेव्हा बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत असलेल्या गाडगिळांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यांची मुख्य युक्ती ऐकायला साधी आहे. नेहमीच्या यंत्रात दिवा पाण्यात बुडविलेला असतो, म्हणून त्याला क्वार्ट्झचे आवरण लागते. आवरणावर पुट चढते, ते घासायला कुशल हात लागतो, आणि खेड्यात तो हात मिळाला नाही की यंत्र महिन्या-दोन महिन्यांत निरुपयोगी होते. गाडगिळांनी दिवा पाण्याबाहेर, वर हवेत टांगला आणि त्याच्याखालून एका उथळ पन्हळातून पाणी केवळ उताराने वाहू दिले. त्यामुळे पुट चढण्याचा प्रश्नच मिटला. पंपाचा दाब लागेना. विहिरीतून हंड्याने आणलेले पाणीदेखील वरून ओतता येऊ लागले. दिवा आणि त्याची विद्युत्-सामग्री ट्यूबलाइटच्या कारखान्यांत मुबलक होणाऱ्या मालातलीच, त्यामुळे ती स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी होती. हे यंत्र मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक करी आणि त्याला एखाद्या जुन्या पद्धतीच्या दिव्याइतकी, म्हणजे ४० ते ६० वॉट वीज पुरे होई. ती सौर पत्र्यावर किंवा मोटारीच्या बॅटरीवरही मिळू शकते.

या काटकसरीचे मोल हिशेब मांडल्यावरच कळते. २५ अंश तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल उष्णता लागते, आणि ही झाली आदर्श स्थितीतील गोष्ट. चुलीत जळणाऱ्या लाकडाच्या उष्णतेचा मोठा भाग इकडेतिकडे वायाच जातो. मिनिटाला १५ लिटर याचा अर्थ लिटरला ४ सेकंद. ६० वॉटचा दिवा ४ सेकंदांत खर्च करतो २४० ज्यूल. म्हणजे उकळण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या हजाराव्या भागाहूनही कमी ऊर्जेत तेच पाणी जंतुरहित होते. ज्या बाईला जळणासाठी रानात मैलोगणती हिंडावे लागते, तिला 'पाणी उकळून प्या' हा आरोग्य खात्याचा उपदेश का पाळता येत नसे, आणि तो न पाळल्याबद्दल तिला अडाणी ठरविणे किती अन्यायाचे होते, हे या एका हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

या शोधाचा परवाना १९९६ साली वॉटरहेल्थ इंटरनॅशनल या कंपनीने घेतला, आणि भारतासह अनेक देशांत त्यावर आधारलेली केंद्रे निघाली. गाडगिळांचे नाव २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या सन्मानसूचीत गेले, आणि २०२३ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना तंत्रविद्येचे राष्ट्रीय पदक मिळाले. परंतु त्यांच्या कामाचा जो भाग मला अधिक मननीय वाटतो, तो पुरस्कारांच्या यादीत येत नाही. गावाला यंत्र भेट देऊन, फीत कापून, छायाचित्र काढून परतण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिचा शेवट बहुधा गंजलेल्या पेटीत होतो. आंध्र प्रदेशातील खेड्यांत जी केंद्रे चालली, तेथे लोक डब्यामागे अल्प मोबदला देत, आणि त्यातून गावातल्याच प्रशिक्षित माणसाचा पगार, दिवे, गाळण्या आणि नियमित तपासणी यांचा खर्च निघे. पाणी विकत का घ्यावे, हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या रास्त आहे, आणि ज्याला तेवढेही परवडत नाही त्याला ते विनामूल्य मिळालेच पाहिजे. पण देखभालीचा खर्च कोणीतरी, दर महिन्याला, न चुकता केला पाहिजे, हे सत्य त्या आक्षेपाने टळत नाही.

महाराष्ट्रात २०१९ पासून जल जीवन मिशनखाली गावोगाव घराघरांत नळ पोचविण्याचे काम चालू आहे, आणि हे नळ येतील तसे त्यांचे सांधे, टाक्या आणि बंद-चालू होणारा पुरवठा हेही त्यांच्यासोबत येतील. शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र यांसारख्या जागी, जेथे पाणी गोडे आहे पण खात्रीचे नाही, तेथे गाळणीसह एक अतिनील दिवा बसविणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. मात्र तो बसविताना पंचायतीने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात दिवा व गाळणी बदलण्याच्या खर्चाची स्वतंत्र नोंद करावी, पाणीपुरवठ्याच्या शिपायाकडे दिवा बसविल्याची तारीख लिहिलेली वही द्यावी, आणि यंत्रातून निघालेल्या पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवून त्याचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.